सोरपोतेल चालेल, केक जरा जपून

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मुंबई-पुण्याहून गोव्याला निघालेल्या कितीतरी मुलांच्या डोक्यात एकच बेत शिजत असतो. यंदा आईला सगळं करून घालायचं: सोरपोतेल (डुकराच्या मांसाचा आंबट-तिखट रस्सा), पुलाव, विंदालू, भाजलेली कोंबडी, वर केक. बेत मायेचाच असतो, फक्त तो दहा वर्षांपूर्वीच्या आईसाठी केलेला असतो. आताची आई घराबाहेर पडत नाही. मध्यरात्रीच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, जाणं कधीच सुटलंय, फादर कम्युनियनचा प्रसाद घरी आणून देतात. जेवायला बसली की चार घासांत ती ‘पुरे’ म्हणते आणि मग घरात नेहमीची ओढाताण सुरू होते. ‘अगं, नाताळ आहे, एवढं तरी घे!’

गोव्यात अशी घरं थोडीथोडकी नाहीत. 2011च्या जनगणनेत देशात साठीपुढच्यांचं प्रमाण 8.6 टक्के होतं, तर गोव्यात 11.2. मुलं मुंबईत, आखातात, पोर्तुगाल-इंग्लंडमध्ये, आणि मागे मोठ्या घरात एकटी आई किंवा वडील. वसईतही अनेक घरांत चित्र फार वेगळं नाही.

त्या ‘पुरे’चा उगम हट्टात नसतो. म्हातारपणात जठराचा वरचा भाग पूर्वीसारखा सैल पडत नाही, म्हणून थोड्याशा अन्नानेही पोट ताणल्यासारखं वाटतं. पोट भरल्याचा निरोप देणारं कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक रक्तात जास्त सापडतं. त्यात औषधांनी तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ असतो, हालचाल नसल्यामुळे भूक मुळातच कमी असते. 1994 साली अमेरिकेत झालेला एक प्रयोग इथे फार बोलका आहे. तरुण आणि वृद्ध पुरुषांना तीन आठवडे गरजेपेक्षा कमी खायला दिलं आणि मग हवं तेवढं खाण्याची मोकळीक दिली. तरुणांनी जास्त खाऊन झीज भरून काढली. वृद्धांची भूक मात्र वाढलीच नाही. शरीराला तूट आली आहे ही खबर जणू वरपर्यंत पोचतच नव्हती.

म्हणून 25 तारखेला एकदाच भरपेट खाऊ घालून महिन्याची कसर निघत नाही. बेत एका ताटाचा न करता मुक्कामाच्या सगळ्या दिवसांचा करायला हवा: दिवसातून पाच-सहा वेळा, थोडं थोडं, आणि प्रत्येक वेळी त्यात काहीतरी प्रथिनं. पासष्टीपुढच्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं हवीत असं या विषयातले तज्ज्ञ सांगतात, म्हणजे तरुणापेक्षा थोडी जास्तच. 50 किलोच्या आईला 50 ते 60 ग्रॅम. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम असतात, कपभर दुधात तेवढीच, आणि शिजवलेल्या 100 ग्रॅम माशात 20च्या आसपास. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा हिशेब डॉक्टरांना विचारून करायचा. पण एरवी ‘आता या वयात मांसमच्छी कशाला, पेज बरी’ हा घराघरांत मिळणारा सल्ला अशक्त माणसाला आणखी अशक्त करतो. स्नायू झिजतात, पकड सुटते, चाल मंदावते, बसलेलं माणूस उठेनासं होतं.

पेजेचा विषय निघालाच आहे तर घास गिळण्याकडे वळू, कारण नाताळच्या ताटातला खरा धोका तिथे असतो.

एक घास घशाखाली जायला सेकंदभर लागतो. त्या सेकंदात 25हून जास्त स्नायूंच्या जोड्या ठरलेल्या क्रमाने आवळतात, स्वरयंत्र वर उचललं जातं, श्वासाची वाट बंद होते आणि अन्ननलिकेचं तोंड उघडतं. वय झालं, अर्धांगवायूचा झटका येऊन गेला किंवा कंपवात असला की हा क्रम रेंगाळतो. पातळ पदार्थ पळतो भरभर, झाकण लागतं उशिरा, आणि थोडं श्वासनलिकेत उतरतं. ठसका लागला तर निदान कळतं तरी. काहींना तोही लागत नाही आणि पुढे न्यूमोनिया झाल्यावरच प्रकार उघड होतो. आता पेजेचं बघा. वर पाणी, खाली शितं. तोंडातलं पाणी आधी निसटतं आणि शितं चावायची राहतात. एकाच घासात पातळ आणि घट्ट आलं की गिळणं सर्वांत अवघड होतं. आजाऱ्याचं अन्न म्हणून जिचा एवढा लौकिक, ती पेज अशा घशाला सोसतेच असं नाही. शितं घोटून एकजीव केली तर प्रश्न बराच हलका होतो.

अन्नाचा पोत मोजायची आता एक आंतरराष्ट्रीय पट्टी आहे, 0 ते 7 अंकांची. 0 म्हणजे साधं पाणी, 7 म्हणजे आपलं नेहमीचं जेवण. मोठ्या माणसासाठी पाचव्या पायरीवरचा तुकडा 4 मिलिमीटरपेक्षा रुंद नको, साधारण काट्याच्या दोन दातांमधल्या फटीएवढा. सहाव्या पायरीवर दीड सेंटिमीटरपर्यंत चालतो. मऊपणा तपासायला वेगळं यंत्र लागत नाही. काटा तुकड्यावर ठेवायचा आणि अंगठ्याचं नख पांढरं पडेपर्यंत दाबायचा. तुकडा चेपला आणि काटा उचलल्यावर पुन्हा फुगून वर आला नाही, तर तो मऊ. आईला कुठली पायरी झेपते हे वाचेची आणि गिळण्याची तपासणी करणारे तज्ज्ञ सांगतील. जेवताना वरचेवर ठसका लागत असेल, पाणी प्यायल्यावर आवाज ओला, घोगरा होत असेल किंवा वजन उतरत असेल, तर ही तपासणी नाताळच्या आधी उरकून घ्यावी.

या कसोटीवर नाताळचे पदार्थ लावून पाहिले की मजा येते. सोरपोतेलच्या नावाने मुलं घाबरतात: डुकराचं मांस, काळीज, मसाला, तेल! पण त्याची कृती आठवा. मांस आधी उकडायचं, मग त्याचे अगदी बारीक चौकोनी तुकडे करून परतायचे, आणि माडीच्या व्हिनेगरमध्ये मंद आचेवर शिजवायचं. मांसातलं चिवट कोलॅजन लांबलचक, मंद शिजवण्यात विरघळून जिलेटिन होतं, तुकडे मऊ पडतात आणि रस दाट होतो. तुकडे सुरीने आणखी थोडे बारीक केले, थोडी जास्त वेळ आच दिली, तर जुन्या स्वयंपाकघरातला हा पदार्थ आजच्या पट्टीवर उतरतो. काळजात लोह आणि बी-12 भरपूर असतं. मीठ आणि तेल मात्र हात राखून, आणि युरिक आम्लाचा त्रास असेल तर काळीज वगळून. रसात बुडवून मुरवलेली सान्ना, म्हणजे तांदळाची इडलीसारखी वाफवलेली भाकर, हीही छान जाते. ती कोरडी दिली तर तोंडात गोळा होते.

आता निरागस दिसणारी मंडळी. केकचा कोरडा भुगा ओलावा शोषतो आणि कोरड्या तोंडात तो ओलावाच नसतो. नेवरीची (करंजीची) पारी कडक आणि आतलं खोबरं भुरभुरीत, म्हणजे दोन पोत एकाच घासात. कुलकुल, म्हणजे तळलेले कडक गोड शंख, कवळीला नकोसे. दोदोल हा नारळाच्या रसाचा आणि गुळाचा हलवा तर चिकट, टाळूला बसतो तो बसतोच. जपानमध्ये नववर्षाला खाल्ला जाणारा मोची हा तांदळाचा चिकट लाडू दरवर्षी काही वृद्धांचा जीव घेतो, आणि टोकियोचं अग्निशमन दल दर वर्षअखेरीला तो बारीक तुकडे करून खा अशी सूचना काढतं. दोदोलची जातकुळी तीच. केक हवाच असेल तर दुधाच्या कस्टर्डमध्ये पूर्ण भिजवून चमच्याने द्या. बिबिंकेचा, म्हणजे थरांच्या गोव्याच्या केकचा, पातळ, मऊ पापुद्रा काट्याखाली चेपला तर तोही थोडासा.

चवीचं काय? 1984 साली फिलाडेल्फियातल्या संशोधकांनी दोन हजारांच्या आसपास लोकांची वासाची क्षमता तपासली. 65 ते 80 वयोगटातल्या निम्म्याहून अधिकांची ती बरीच घटलेली निघाली, ऐंशीपुढे तर चारांत तिघांची. आपण जिला चव म्हणतो तिचा मोठा भाग घशामागून नाकात चढणारा वासच असतो. त्यामुळे ‘पूर्वीसारखी चव नाही गं’ ही तक्रार सुगरणीवर रुसण्याचं कारण नव्हे. वास गेला तरी आंबट आणि जवळा-सोडे यांच्यातली ती खोल, मांसल चव जिभेवर बरीच टिकून असते, शिवाय दोन्हींनी लाळ सुटते. मिठाचा हात वाढवण्यापेक्षा कोकम, व्हिनेगर, वाटून घातलेले चमचाभर सुके सोडे हा उपाय चांगला. रक्तदाब किंवा हृदयाचं दुखणं असेल तर चोरीस (डुकराच्या मांसाचं गोव्याचं सॉसेज) आणि खारवलेल्या माशाचं मीठ विसरू नका. सोड्यातही ते असतंच.

जेवण झालं, आता सगळे उठतात, फोटो काढायचा असतो. इथे थांबा. भरपेट जेवणानंतर आतड्यांकडे रक्त जास्त वळतं. तरुण शरीर लगेच हृदयाचे ठोके वाढवून आणि इतरत्र रक्तवाहिन्या आवळून दाब सांभाळतं. वृद्ध शरीराला ते जमत नाही. जेवणानंतरच्या दोन तासांत वरचा रक्तदाब 20 अंकांनी किंवा त्याहूनही खाली येणं वृद्धांमध्ये सर्रास आढळतं. उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी, आणि मांडीचं हाड मोडायला तेवढं पुरतं. गोड आणि पिठूळ पदार्थांचं मोठं जेवण याला सर्वांत जास्त कारणीभूत ठरतं, आणि सोबतचा वाइनचा पेला त्यात भर घालतो. जेवण छोटं ठेवावं, आधी पेलाभर पाणी द्यावं (पाणी मोजून प्यायला सांगितलं नसेल तर), आणि नंतर तासभर तरी खुर्चीतच गप्पा माराव्यात. फोटो बसूनही चांगला येतो.

गप्पांवरून आठवलं. घराबाहेर पडू न शकणाऱ्या वृद्धांचाच अभ्यास अमेरिकेत झाला, 2005 साली प्रसिद्ध झाला. माणसं थोडी होती, 50. जेवताना सोबत कोणी असेल तर ती एकटं जेवणाऱ्यांपेक्षा एका जेवणाला सरासरी 114 उष्मांक जास्त घेत होती. म्हणजे दीड अंडं, फक्त सोबतीने! मुलगी दिवसभर स्वयंपाकघरात राबते आणि आई बाहेर एकटी जेवते, असा नाताळ या हिशेबाने तोट्याचा. एखादा पदार्थ कमी करा आणि तिच्या समोर बसून जेवा. फक्त तिच्या तोंडात घास असताना तिला प्रश्न विचारू नका. तुम्ही सांगा, तिने ऐकावं.

ताटाचंही बघा. नाताळला कपाटातून निघणारी चिनी मातीची पांढरी ताटं आणि त्यांवर पांढरी सान्ना, पांढरा भात. अधू नजरेला त्यात अन्न वेगळं दिसतच नाही. अल्झायमरच्या अवघ्या नऊ रुग्णांवर 2004 साली झालेल्या एका प्रयोगात गडद रंगाची भांडी दिल्यावर खाणं 25 टक्क्यांनी वाढलं. नऊ माणसांवरून नियम ठरत नाही, पण लाल बशी वापरून पाहायला खर्चही येत नाही.

मुंबईत शिजवून रात्रीच्या बसने न्यायचा विचार असेल तर जरा सबुरीने. मांसाच्या मोठ्या पातेल्यात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स या जिवाणूचे बीजाणू उकळीतही तग धरतात, आणि रस्सा कोमट झाला, साधारण 45 अंशांना आला, की ते रुजतात आणि त्यांतून निघालेले जिवाणू दहा मिनिटांच्या आत दुप्पट होऊ लागतात. बंद डब्यातलं गरम सोरपोतेल बसमध्ये तासन्‌तास याच तापमानात घुटमळतं. व्हिनेगरचा आधार असतो, पण हल्लीच्या सौम्य हाताच्या कृतीत तो पुरेलच असं नाही. तुम्हाला एका दिवसाचा पोटदुखीचा त्रास झाला तर आईला तो थेट इस्पितळात पोचवू शकतो. आधी शिजवा, उथळ भांड्यांत ओतून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये घाला, मग गोठवा आणि बर्फाच्या पेटीतून न्या. नाहीतर तिथेच जाऊन करा, ते सगळ्यांत सोपं.

आई इन्सुलिन घेत असेल तर मिस्सेनंतरचं उशिराचं जेवण तिच्यासाठी नको. सुई वेळेवर आणि जेवण दोन तासांनी, किंवा सुई पूर्ण आणि घास चारच, यात साखर झपाट्याने उतरते. तिला तिच्या वेळेला जेवू घालावं, आणि ती खरोखर किती खाते हे पाहून मात्रेबद्दल डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवावं.

निघायच्या आदल्या दिवशी उरलेलं एक-एक वेळेपुरतं छोट्या डब्यांत भरून गोठवा, वर ठळक अक्षरांत नाव आणि तारीख लिहा. गरम करताना वाफ निघेपर्यंत, एकदाच. डबे मात्र आईच्या हातात देऊन बघा. आशियाई तज्ज्ञांच्या निकषानुसार हाताची पकड स्त्रियांमध्ये 18 किलोच्या खाली आणि पुरुषांमध्ये 28 किलोच्या खाली गेली तर ती कमजोर धरतात, आणि चारी बाजूंनी खटके असलेलं हवाबंद झाकण अशा हाताला उघडता उघडत नाही. ज्यांचं झाकण तिला स्वतः उघडता येईल तेच डबे फ्रिजमध्ये ठेवा. बाकीचे परत घेऊन या.