गच्चीवरचे मासे, टबातला पुदिना आणि इंदूरचे खत

अ‍ॅक्वापोनिक्सचा, म्हणजे माशांच्या पाण्यावर मातीशिवाय भाजी वाढवण्याचा, संच विकणारा भेटला की गोष्ट हमखास अझ्टेकांपासून सुरू होते. मेक्सिकोतल्या तळ्यांचा गाळ उपसून त्यांनी चिनाम्पा नावाचे वाफे उभारले, त्यांवर मका पिकवला, म्हणून ही विद्या शेकडो वर्षांची. चीनच्या भातखाचरांतले मासेही लगेच साक्षीला येतात. दोन्ही पद्धती खऱ्या आणि थोर. झेजियांग प्रांतातल्या छिंगतियानच्या भात-मासे शेतीला तर २००५ मध्ये जागतिक कृषिवारशाचा मान मिळाला. पण तिथे पीक उभे असते चिखलात. आपल्याकडे गच्चीवर खाली निळ्या ड्रममध्ये मासे, वर गिट्टी भरलेल्या टबात पुदिना आणि दोघांमध्ये पाणी फिरवणारा पंप अशी मांडणी असते. तिचा खरा पूर्वज मला फ्रान्समधल्या एका काचेच्या नळीत दिसतो.

१८७७ मध्ये श्लोजिंग आणि म्युंट्झ या दोघा फ्रेंच संशोधकांनी लांब नळीत वाळू व चुनखडी भरली आणि वरून गटाराचे पाणी सावकाश सोडत राहिले. पहिले वीसेक दिवस काहीच घडले नाही. गटाराच्या पाण्यातला अमोनिया वरून आत गेला, तसाच खालून बाहेर आला. मग एकाएकी त्याच्या जागी नायट्रेट, म्हणजे मुळांना सहज उचलता येणारे नायट्रोजनचे रूप, दिसू लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली तर ते थांबले. वाफ काढून बागेतल्या मातीचे थोडे पाणी घातले तर पुन्हा सुरू झाले. म्हणजे काम रसायनाचे नव्हते, कुणा जिवंत वस्तीचे होते. हे जिवाणू रशियन शास्त्रज्ञ विनोग्राडस्कीने १८९० च्या सुमारास वेगळे करून दाखवले. एक जात अमोनियाचे नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचे नायट्रेट.

घरच्या टबातली गिट्टी म्हणजे तीच नळी. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात, दगडांवर वसलेले जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, मुळे ते उचलतात आणि धुतलेले पाणी परत माशांकडे जाते. वीस दिवसांची ती वाटही चुकत नाही. संच लावला त्याच दिवशी डझनभर मासे सोडणाऱ्यांकडे आठवडाभरात पाण्याला उग्र वास येतो आणि मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. दुकानदार औषधाची बाटली देतो. खरे औषध म्हणजे मासे कमी, खाणे कमी आणि महिनाभर धीर.

नायट्रोजनच्या याच फेऱ्यावर इंदुरातही मोठे काम झाले, आणि त्याचे श्रेय देताना आपण अर्धेच नाव घेतो. होळकर संस्थानाने दिलेल्या सुमारे ३०० एकर जमिनीवर १९२४ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री उभी राहिली. आज तिथे कृषी महाविद्यालय आहे. इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड तिचे संचालक. इथे बसलेली कंपोस्टची रीत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून गेली. मात्र १९३१ साली ती ज्या पुस्तकातून जगापुढे आली, त्यावर हॉवर्डबरोबर यशवंत वाड हेही नाव लेखक म्हणून छापलेले आहे. संस्थेत रसायनाची बाजू सांभाळणारे वाड आपल्या मराठी मंडळींनाही फारसे ठाऊक नाहीत, हे मला खटकते.

रीत साधी होती. कापसाच्या पऱ्हाट्या, पालापाचोळा, शेण, गोठ्यातली गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर उथळ खड्ड्यात रचायचे, ओल राखायची, ठरल्या वेळी तीनदा उलथायचे. सुमारे तीन महिन्यांत खत तयार. शेतातून निघालेले शेतात परत गेले पाहिजे, हा हॉवर्डचा हट्ट. आणि पोत्यातून येणाऱ्या रासायनिक खतावर त्यांचा राग.

गंमत अशी की हॉवर्ड इंदुरात होते त्याच काळात, १९२९ च्या सुमारास, कॅलिफोर्नियात गेरिके हे संशोधक नेमके उलटे करत होते: मातीच नाही, पाण्यात विरघळवलेले क्षार आणि त्यावर टोमॅटोचे उंच वेल. शोल्टो डग्लस यांनी १९४६ पासून ही विद्या आपल्याकडे कालिंपोंगच्या बाजूला गिट्टी-वाळूच्या वाफ्यांत रुजवली. अ‍ॅक्वापोनिक्स हे या दोन विरोधी घराण्यांचे लग्न. मांडणी गेरिकेची, तत्त्व हॉवर्डचे.

ते जुळायला १९७० चे दशक उजाडले. १९६९ मध्ये जॉन टॉड, नॅन्सी टॉड आणि विल्यम मॅक्लार्नी यांनी अमेरिकेत न्यू अल्केमी इन्स्टिट्यूट काढली. तेलाच्या टंचाईच्या त्या दिवसांत काचघरातल्या टाक्यांत मासे आणि भोवती भाज्या असे प्रयोग तिथे चालले. मग व्हर्जिन आयलंड्सच्या विद्यापीठात जेम्स रॅकोसी यांनी पाण्यावर तरंगत्या तराफ्यांत रोपे लावण्याची पद्धत बसवली. नॉर्थ कॅरोलायनात मार्क मॅकमर्ट्री यांनी तिलापिया माशांच्या टाकीचे पाणी वाळूच्या वाफ्यांतून फिरवले. घरापर्यंत ही गोष्ट आणली ती मिसुरीतल्या स्पेरॅनिओ दांपत्याने: वाळूऐवजी खडी, आणि कुणालाही जमेल अशी माहितीपुस्तिका. पुढे ऑस्ट्रेलियात लांबलेल्या दुष्काळात बागेला नळी लावायलाच बंदी आली, तेव्हा परसातली टाकी लोकांना पटली.

पाण्याचा हा मुद्दा इंदूरकरांना वेगळा सांगायला नको. ‘डग डग रोटी, पग पग नीर’ म्हणणाऱ्या माळव्यातल्या या शहरासाठी १९७० मध्ये नर्मदेच्या पाण्याचे आंदोलन झाले आणि १९७८ मध्ये नर्मदाकाठच्या जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरवरून, पाणी विंध्याचा चढ चढून आले. एवढी वीज खाऊन आलेले पाणी कुंडीतून झिरपून मोरीत जाणे जिवावर येते. फिरत्या पाण्यात तूट फक्त बाष्पीभवनाची आणि पानांची. अर्थात मे महिन्यात गच्चीवर तीही कमी नसते. टाकीवर हिरवी जाळी हवीच. बोअरचे पाणी जड असेल तर सामू (पीएच) चढतो, लोह मुळांना लागत नाही आणि पुदिन्याची कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. नर्मदेच्या पाण्यातले क्लोरीन उडून जायला ते दिवसभर उघडे ठेवावे. मोटर म्हणून बहुतेकांकडे कुलरचाच पंप असतो. वीज गेल्यावर हवेसाठी बॅटरीवरचा छोटा एअर पंप जवळ ठेवावा. शाकाहारी घरांत कोई किंवा गोल्डफिश सोडतात. ते ताटात यायचे नसतात, त्यामुळे हिशेब फक्त भाजीचा उरतो आणि तो स्वस्त पडतो असे मी म्हणणार नाही.

हॉवर्डचे भांडण मात्र अजून मिटलेले नाही. २०१७ मध्ये अमेरिकेच्या सेंद्रिय मानक मंडळात अ‍ॅक्वापोनिक्सला सेंद्रिय म्हणू नये असा ठराव आला आणि ८ विरुद्ध ७ मतांनी पडला. युरोपात माती नाही तर सेंद्रिय नाही, असाच नियम आहे. मातीवाल्यांचा एक प्रश्न मला रास्त वाटतो: टाकीत नायट्रोजन येतो कुठून? माशांच्या खाण्यातून, म्हणजे बऱ्याचदा मासळीच्या भुकटीतून किंवा सोयापेंडीतून. सोयाबीन तर आपल्या माळव्याचेच पीक. त्याच्या संशोधनाची राष्ट्रीय संस्थाही इंदुरातच आहे. माशांच्या दाण्याची पाकिटे घेताना मागची बाजू वाचावी. सोयापेंड असेल, तर टबातल्या पुदिन्यातला बराचसा नायट्रोजन आधी कुठल्यातरी शेतात सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींनी हवेतून धरलेला असतो.