वसंतकालीन पश्चिमी झंझावात (काश्मीर)

मार्चपासून मेच्या पूर्वार्धापर्यंत पश्चिमेकडून सरकत येणाऱ्या आणि काश्मीरच्या दरीत पाऊस, तर भोवतालच्या डोंगरांवर हिमवृष्टी घडविणाऱ्या वातावरणीय प्रणाली. काश्मिरी ऋतुगणनेत हा काळ साधारणपणे ‘सोंथ’ म्हणजे वसंतात मोडतो. श्रीनगरला (उंची सु. १,५८५ मी.) वर्षाकाठी सु. ७०० मिमी. पर्जन्य पडतो आणि त्यात सर्वांत ओला महिना सामान्यतः मार्च असतो. जूनच्या पावसाची वाट पाहणाऱ्या मराठी वाचकाला हे उलटे वाटेल. पण नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचे बरेचसे पाणी दरीच्या दक्षिणेकडील पीर पंजाल डोंगररांगेच्या दक्षिण उतारावरच पडून जाते. दरीचे पाणी मुख्यतः हिवाळ्यात व वसंतात पश्चिमेकडून येते.

मराठी वृत्तपत्रांत या प्रणालींना ‘पश्चिमी विक्षोभ’, ‘पश्चिमी चक्रवात’ आणि ‘पश्चिमी झंझावात’ अशी तिन्ही नावे दिसतात. ‘चक्रवात’ म्हटले की डोळ्यांपुढे किनाऱ्यावर आदळणारे उष्ण कटिबंधीय वादळ येते आणि घोटाळा होतो. ‘विक्षोभ’ हिंदीतून रुळला. संस्कृत कोशांत झंझावात म्हणजे पावसासह वाहणारा जोराचा वारा, म्हणून येथे तोच शब्द पत्करला आहे.

उगमाचा प्रश्न बराच काळ वादाचा राहिला. हे झंझावात भूमध्य समुद्रावरील न्यूनदाबांचे (कमी दाबाच्या क्षेत्रांचे) उरलेसुरले अवशेष होत, हे जुने मत. भारतीय हवामानशास्त्र विभागाचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत वरच्या थरांतील वाऱ्यांची निरीक्षणे वाढत गेली, तेव्हा भूपृष्ठावरील नकाशात क्षीण दिसणारी ही प्रणाली वर मात्र ठळक द्रोणीच्या (कमी दाबाच्या लांबट पट्ट्याच्या) रूपात आढळू लागली. मलूरकर (१९४७), मुल व देसाई (१९४७) आणि पिशारोटी व देसाई (१९५६) यांचे निबंध या वादातले महत्त्वाचे टप्पे होत. पिशारोटी हेच पुढे १९६२ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या उष्ण कटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेचे पहिले संचालक झाले. काही झंझावात थेट भूमध्य समुद्रापासून येतात, तर काही वाटेत इराण-अफगाणिस्तानच्या परिसरात नव्याने बळ धरतात, हे मत आज अधिक ग्राह्य वाटते. दोन्ही प्रकार उपोष्ण कटिबंधीय पश्चिमी झोतवाऱ्यातील (खूप उंचावरून वेगाने वाहणाऱ्या वाऱ्याच्या पट्ट्यातील) लाटांशी निगडित असतात. सगळी वाफही भूमध्य समुद्राचीच असते, ही समजूत टिकत नाही. तिचा मोठा वाटा अरबी समुद्रावरून उचलला जात असावा.

एकाच ढगातून खाली पाऊस आणि वर बर्फ का, याचे उत्तर हिमरेषेत, म्हणजे ज्या उंचीच्या वर पावसाऐवजी बर्फ पडतो त्या पातळीत आहे. श्रीनगरला पाऊस पडताना तापमान ७° से. असले आणि दर किलोमीटर उंचीला सु. ६.५° से. घट धरली, तर शून्य अंशाची पातळी सु. २,६५० मी.वर, म्हणजे जवळजवळ गुलमर्गच्या उंचीवर येते. प्रत्यक्षात हिमकण वितळण्यापूर्वी आणखी दोन-तीनशे मीटर खाली उतरतात. संतृप्त (बाष्पाने पूर्ण भरलेल्या) हवेत घटही थोडी कमी असते. हे आकडे ढोबळच, पण त्यांचे परिणाम ढोबळ नाहीत. तापमान दोन-तीन अंशांनी वाढले की हिमरेषा तीन-चारशे मीटर वर सरकते. त्या पट्ट्यात जे पाणी बर्फ होऊन जूनपर्यंत थांबले असते, ते त्याच रात्री नाल्यांना मिळते. वसंतातील एखाद्या झंझावाताने दिले काय आणि नेले काय हे ठरवायचे, तर एकूण मिलिमीटरपेक्षा ही रेषा कुठे होती हे आधी पाहावे लागते.

जुन्या बर्फावर पडणारा पाऊस आपल्या उष्णतेने बर्फ वितळवतो, असे लिहिले जाते. हिशेब केला तर ५° से. तापमानाच्या १० मिमी. पावसाने जेमतेम ०.६ मिमी. पाण्याइतका बर्फ वितळतो. खरे काम करते ती दमट हवा. बर्फावर १ ग्रॅम वाफ सांद्रित झाली (तिचे पाणी झाले) की मुक्त होणाऱ्या उष्णतेत सु. ७.५ ग्रॅम बर्फ वितळू शकतो. त्यातच मुरलेल्या पाण्याने थर सुटतात व ओले हिमलोट (घसरत येणाऱ्या बर्फाच्या राशी) उतरतात.

मार्च २०१५ अखेरच्या पावसाने झेलमला पूर आला. बडगाम जिल्ह्यातील लादेन गावी दरड कोसळून १६ माणसे दगावली. सप्टेंबर २०१४ च्या महापुरातून दरी तेव्हा सावरतच होती. बदाम मार्चमध्ये व सफरचंद एप्रिलमध्ये फुलते, त्यामुळे या दिवसांतली गारपीट बागाईतदाराचे वर्ष बुडवते. उलट जूनमधील भातलावणीला लागणारे पाणी बहुतांशी याच बर्फाचे असते.

कल्हणाच्या ‘राजतरंगिणी’ या काश्मीरच्या इतिहासकाव्याच्या दुसऱ्या तरंगात (भागात) तुंजीन राजाच्या काळी अवेळी हिमपाताने शाळीचे (भाताचे) पीक गेल्याची कथा आहे. तिचा दाखला या संदर्भात देणे योग्य नाही, कारण ती भाद्रपदातली घटना आहे. शिवाय त्या तरंगाचा कालानुक्रम फारसा भरवशाचा मानला जात नाही.

हिमालयातील उशिराच्या बर्फाचा पुढील मोसमी पावसाशी व्यस्त संबंध (बर्फ जास्त तर पाऊस कमी) असावा, असे भारतीय हवामानशास्त्र विभागाचे पहिले प्रमुख ब्लॅनफर्ड यांनी १८८४ मध्ये मांडले. भारतातील दीर्घ मुदतीच्या अंदाजांची सुरुवात त्यातूनच झाली. पुढील काळात हा संबंध एकसारखा टिकलेला दिसत नाही. महाराष्ट्रापर्यंत झंझावाताची द्रोणी क्वचितच खोल उतरते, पण बंगालच्या उपसागरावरून व अरबी समुद्रावरून आलेल्या आर्द्रतेशी तिची गाठ पडली की अवकाळी पाऊस आणि गारा होतात. फेब्रुवारी-मार्च २०१४ मधील मराठवाडा, विदर्भ व मध्य महाराष्ट्रातील गारपीट याच प्रकारची होती.

अलीकडच्या अभ्यासांत झंझावातांचा हंगाम लांबत मे-जूनपर्यंत गेल्याचे आढळते. झोतवारा उत्तरेकडे उशिरा सरकतो, हे त्याचे संभाव्य कारण दिले जाते. झोजीला खिंडीपलीकडे (३,५२८ मी.) द्रासपर्यंत हिमवृष्टी बरीच होते. पुढे लेहकडे ती झपाट्याने विरळ होत जाते.