मनातले बोलणे आणि मेंदू-संगणक जोडणी : मानवी घटक

ओठ वा जीभ न हलवता मनातल्या मनात उच्चारलेला शब्द मेंदूच्या विद्युत्संकेतांवरून ओळखण्याचे तंत्र. पक्षाघाताने किंवा एएलएससारख्या (स्नायूंवरचा ताबा हळूहळू नाहीसा करणाऱ्या) आजाराने वाचा गेलेल्यांना ते मुख्यतः उपयोगी पडेल. ‘मेंदू-संगणक जोडणी’, म्हणजे मेंदूचे संकेत थेट संगणकाला पोचवणारी व्यवस्था, ही संज्ञा झाक विदाल यांनी १९७३ मध्ये रूढ केली. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटाने एका रुग्णाच्या मेंदूसंकेतांवरून मिनिटाला ६२, तर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को इथल्या गटाने दुसऱ्या रुग्णाच्या संकेतांवरून ७८ शब्द उलगडले. त्या रुग्णांना मात्र शस्त्रक्रियेने इलेक्ट्रोड (विद्युत्संकेत टिपणारे अग्र) बसवलेले होते आणि त्या बोलण्याचा प्रयत्न करत होत्या. नुसत्या मनातल्या शब्दाचा संकेत याहून क्षीण असतो.

शस्त्रक्रिया टाळायची तर डोक्यावर ईईजीची, म्हणजे मेंदूचे विद्युत्संकेत बाहेरून टिपणारी, टोपी घालावी लागते. तिच्यात येणारे संकेत काही मायक्रोव्होल्टचे. दात आवळले, पापणी लवली तरी ते झाकले जातात. परभणी-नांदेडचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो, आणि घामाने संकेत सरकत राहतो. केसांना चोपडलेले तेलही इलेक्ट्रोडचा त्वचेशी संपर्क बिघडवते. यंत्राला शिकवण्यासाठी एकच शब्द शेकडो वेळा मनात म्हणताना माणूस कंटाळतो, लक्ष उडते, अचूकता घसरते. सरावानंतरही ज्यांना यंत्र साधत नाही त्यांना या क्षेत्रात ‘निरक्षर’ म्हटले गेले. हा शब्द टाकून द्यावा. त्यात यंत्राची उणीव रुग्णाच्या माथी मारली जाते.

सर्वांत दुर्लक्षित बाब बोलीची. सरावाची शब्दयादी प्रमाण मराठीत करून ‘पाणी’ म्हणायला सांगितले, तरी जन्मभर ‘पानी’ म्हणणाऱ्या आजीच्या मनात ‘पानी’च उमटणार. ‘काय करतोयस?’ऐवजी ‘काय करायलास?’ हेच ज्याच्या मनात येते, त्याला आधी मनातल्या मनात भाषांतर करावे लागते, आणि तो ताणही संकेतात मिसळतो. लमाणी किंवा दखनी बोलणाऱ्या घरांत हे अंतर आणखी मोठे. म्हणून यादी रुग्णाच्या तोंडच्या बोलीतूनच घ्यावी. सूचनाही नेमकी हवी: शब्द ‘ऐकल्याची’ कल्पना करायची, की जीभ हलवल्याची? दोन्हींत मेंदूचे वेगवेगळे भाग जास्त जागे होतात.

टोपी बसवणे, जेल लावणे, नंतर केस धुणे हे काम घरी बहुधा सुनेच्या किंवा मुलीच्या वाट्याला येते. इलेक्ट्रोडची मांडणी कितीही अचूक असली, तरी तिला ती रोज जमली नाही तर यंत्र कोपऱ्यात पडून राहते.

न बोलायचे ते मनातले उघड होण्याची भीतीही खरी आहे. २०२५ च्या एका अभ्यासात, ठरवलेला शब्द मनात म्हटल्याशिवाय उलगडा सुरूच होणार नाही अशी सोय यशस्वी ठरली. भरल्या घरात तो शब्द रुग्णानेच निवडावा, घरच्यांनी नव्हे.