सोडलेल्या माशाचं पुढे काय होतं?

१९४९ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये तीन महिन्यांच्या अंतराने मस्की माशाचे दोन विक्रम नोंदले गेले. जुलैत कॅल जॉन्सन यांचा ६७ पौंड ८ औंसांचा, ऑक्टोबरात लुई स्प्रे यांचा ६९ पौंड ११ औंसांचा. म्हणजे दोन्ही तीस किलोंच्या वर. (खरा विक्रम कोणाचा, यावरून अजून भांडणं होतात, पण तो विषय वेगळा.) मस्की, म्हणजे मस्केलंज, हा तिथल्या तळ्यांतला लांबुळका, सुईसारख्या दातांचा शिकारी मासा. स्प्रे यांचा मासा नावेत ओढण्याआधी त्याच्या डोक्यात पिस्तुलाची गोळी घातली होती. त्यात तेव्हा कुणाला काही वावगं वाटलं नाही. एवढं धूड जिवंतपणी नावेत घेतलं तर पायाचे लचके तोडायचं, आणि शेवटी ते मारायचंच होतं.

आज त्याच तळ्यांवर मस्कीमागे जाणाऱ्याच्या नावेत बाळाच्या पाळण्याएवढी खोल रबरी जाळी असते, हातभर लांबीची पक्कड असते, गळाचं लोखंड तोडायला बोल्ट कटर असतो आणि लांबी मोजायची पट्टी असते. वजनकाटा बहुधा नसतोच. पिस्तूल ते बोल्ट कटर हा प्रवास वाटतो तेवढा सरळ झालेला नाही. मोठा मासा सोडून द्यावा ही इच्छा आधी आली, तो जगेल अशा तऱ्हेने कसा सोडावा हे कळायला त्यानंतर काही दशकं गेली. मधल्या काळात कितीतरी मासे सन्मानाने सोडले गेले आणि नजरेआड जाऊन मेले.

लहान मासा परत पाण्यात टाकणं जुनंच आहे. पोटाला पुरत नाही तो वाढू द्यावा, एवढा साधा हिशेब त्यामागे होता. मोठा मासा सोडणं म्हणजे नेमका उलटा हिशेब. तो पहिल्यांदा ठासून मांडला ली वुल्फ यांनी, १९३९ मध्ये. गळाला लागणारा चांगला मासा एकदाच पकडून संपवावा इतका स्वस्त नाही, असं त्यांचं म्हणणं. वुल्फ सालमन आणि ट्राउट या थंड पाण्यातल्या माशांमागे गळ घेऊन हिंडणारे होते. त्यांचं म्हणणं पटायला दुसरं महायुद्ध संपावं लागलं, मोटारी आणि सुट्ट्या वाढाव्या लागल्या आणि नद्यांवर माशांपेक्षा माणसं जास्त दिसू लागावी लागली.

सरकारी पातळीवर १९५२ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्याने काही पाण्यांत पकडलेला ट्राउट सोडण्याची पद्धत आणली. कारण भूतदया नव्हतं. हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात, वाढवलेले मासे दरवर्षी नदीत सोडायचे आणि लोकांनी ते आठवड्याभरात तळून खायचे, हा खर्च परवडेना. या चळवळीचा जन्म खर्चाच्या वहीत झाला, हे तिचे भक्त सहसा सांगत नाहीत.

त्याच वर्षी अटलांटिकच्या पलीकडे एक वेगळीच गोष्ट घडली. इंग्लंडमधल्या रेडमायर तळ्यात रिचर्ड वॉकर यांना सप्टेंबरमध्ये ४४ पौंडांचा, म्हणजे वीस किलोंचा कार्प मासा गळाला मिळाला. तो विक्रम होता. वॉकर यांनी त्याला मारलं नाही, पण तळ्यातही सोडलं नाही. तो लंडनच्या प्राणिसंग्रहालयात गेला, त्याला क्लॅरिसा हे नाव मिळालं आणि १९७१ पर्यंत तो काचेआड जगला. मारणं आणि सोडणं यांच्या मधोमध अडकलेल्या पिढीचं यापेक्षा चांगलं चित्र मला माहीत नाही.

मोठ्या माशांच्या बाबतीत खरी कलाटणी १९६६ नंतर मिळाली. त्या वर्षी गिल हॅम यांनी मिनेसोटातल्या सेंट पॉलमध्ये 'मस्कीज इन्कॉर्पोरेटेड' ही संघटना काढली. मस्की मुळात विरळ, मादी उशिरा वयात येते, आणि सगळ्यात मोठे मासे बहुतेक माद्याच असतात. भिंतीवर पेंढा भरून लावलेला प्रत्येक विक्रमी मासा म्हणजे तळ्यातली एक जुनी आई कमी. १९७२ मध्ये अमेरिकेत बास मासे पकडायच्या स्पर्धा भरवणाऱ्या रे स्कॉट यांनी त्या स्पर्धांत 'मारू नका' असा आग्रह धरला आणि नावेत खेळत्या पाण्याच्या टाक्या आल्या. स्पर्धा संपली, वजन झालं, मासे तळ्यात परत. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सोडलेला मासा शेपटी हलवत खोल पाण्यात गेला, म्हणजे वाचला, असंच सगळे धरून चालले होते. धरून का चालू नये? डोळ्यांना तेच दिसत होतं.

खरं तर याविरुद्धचा पुरावा आधीच छापून आला होता. कॅनडाचे संशोधक एडगर ब्लॅक यांनी १९५८ मध्ये दाखवलं होतं, की अतोनात धडपडीनेच मासा मरू शकतो, तोही काही तासांनी. गळाला लागलेला मासा पांढऱ्या स्नायूंच्या जोरावर झटके देतो. हे स्नायू प्राणवायूवाचून काम करतात आणि रक्तात आम्ल साठवत जातात. १९८३ मध्ये वुड, टर्नर आणि ग्रॅहॅम या तिघांनी मासे असे का मरतात या प्रश्नाला पुन्हा हात घातला आणि बोट रक्तापेक्षा स्नायूंच्या पेशींच्या आत वाढणाऱ्या आम्लाकडे दाखवलं. मोठ्या माशाला हलक्या दोरावर तासभर खेळवणं ही तोवर मर्दुमकी होती. आता तिच्याकडे पाहायची नजर बदलली. दोर जाड घ्या, रॉड दणकट घ्या आणि मासा लवकर आणा, हा सल्ला तिथून आला. 'हलक्या दोरावरचा मोठा मासा' हा बढाईचा प्रकार माझ्या मते तेव्हाच बंद व्हायला हवा होता. झाला नाही.

मग १९९२ साली फर्ग्युसन आणि टफ्ट्स यांनी रेनबो ट्राउटवर एक साधा प्रयोग केला. काही मासे तसेच ठेवले, काही पाठलाग करून दमवले, काही दमवून ३० सेकंद पाण्याबाहेर धरले, काही दमवून ६० सेकंद. बारा तासांनी मोजणी केली. न दमवलेले सगळे जिवंत होते. नुसते दमवलेले १२ टक्के मेले, ३० सेकंद हवेत राहिलेले ३८ टक्के आणि मिनिटभर हवेत राहिलेले ७२ टक्के. हे प्रयोगशाळेतले छोटे मासे होते, रक्त तपासायला त्यांना नळ्या लावलेल्या होत्या. नदीवर झालेल्या नंतरच्या अभ्यासांत मरणाचं प्रमाण बरंच कमी आलं, म्हणून ७२ हा आकडा जपमाळेसारखा ओढण्यात अर्थ नाही. पण चढण लक्षात ठेवावी. कल्ल्यांच्या पातळ पाकळ्या पाण्यातच उमललेल्या राहतात, हवेत त्या ओल्या पानांसारख्या एकमेकींना चिकटतात. धावून धापा टाकणाऱ्या माणसाच्या तोंडावर नेमकी तेव्हाच उशी दाबावी, तसं ते आहे.

आणि ते मिनिट जातं कशात? फोटोत. मासा जाळीतून उचलला, कॅमेरा खिशात राहिला होता, टोपीची सावली तोंडावर पडली, मासा निसटून नावेच्या तळावर आपटला, पुन्हा उचलला, 'अजून एक' झालं. घड्याळ लावून बघा. आपल्याला पंधरा सेकंद वाटतात ते पन्नास निघतात. जाणते लोक मासा उचलताना स्वतःचा श्वास रोखून धरतात. आपल्याला हवा हवीशी झाली की मासा पाण्यात. एवढी सोपी युक्ती दुसरी नाही.

मोठ्या माशाचं आणखी एक दुखणं आहे, ते नुसत्या आकाराचं. लांबी दुप्पट झाली की वजन साधारण आठपट होतं, पण जबड्याच्या सांध्याचा आणि स्नायूंचा छेद चौपटच वाढतो. अर्ध्या किलोचा बास खालच्या ओठाला धरून लटकवला तर त्याचं फारसं बिघडत नाही, पंधरा किलोचा पाइक (मस्कीचाच भाऊबंद) तसाच लटकवला तर जबडा निखळू शकतो. पाण्यात ज्याचं वजन जवळपास शून्य होतं, त्या शरीराची आतडी-काळीज पहिल्यांदाच स्वतःच्या भाराने खाली ओढली जातात. म्हणून एक हात शेपटीच्या मुळाशी, दुसरा पोटाखाली, मासा आडवा. जुन्या फोटोंत कल्ल्यांत बोटं घालून उभे धरलेले मासे दिसतात. त्यातले जे 'सोडले' म्हणून लिहिलंय, त्यांचं पुढे काय झालं असेल याचा विचार न केलेलाच बरा.

याचं टोक म्हणजे स्टर्जन. शंभर वर्षांहून जास्त जगणारा आणि माणसाच्या दुपटीहून लांब वाढणारा हा मासा. कॅनडातल्या फ्रेझर नदीत १९९४ पासून पांढरा स्टर्जन घरी नेता येत नाही, पकडला तर सोडायचाच. वॉशिंग्टन आणि ओरेगनमध्ये तर ठरावीक मापापुढचा स्टर्जन पूर्णपणे पाण्याबाहेर काढायलाच मनाई आहे. फोटो हवा असेल तर माणसाने पाण्यात उतरावं.

हत्यारं हळूहळू बदलली, आणि त्यांतली बरीच कार्पमागे जाणाऱ्या हौशी लोकांकडून आली. गाठींच्या नायलॉन जाळीने परांची चिंधी होते आणि अंगावरचा बुळबुळीत थर खरवडला जातो. तो थर म्हणजे माशाचं बुरशी आणि जंतूंविरुद्धचं चिलखत. त्याजागी बिनगाठीची किंवा रबरी जाळी आली. काठावर ओली गादी अंथरून तिच्यावरच मासा ठेवायचा, हात आधी भिजवायचे, वजन करायचं तर ओल्या झोळीत. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करायचा, म्हणजे गळ सुटा निघतो. गळ घशात गेला असेल तर तो उकरून काढायचा मोह आवरावा, हे १९६७ मध्येच मेसन आणि हंट यांनी दाखवून दिलं होतं. त्यांच्या ट्राउटपैकी खोल रुतलेला गळ ओढून काढलेले बहुतेक मेले, दोर कापून गळ आतच ठेवलेले साधारण दोन-तृतीयांश जगले. हे कळूनही चिमटे घालून घसा खणणारे अजून भेटतात. गळ परत हवा असतो, दुसरं काय!

या सगळ्याने फरक पडला का, हे मस्कीवर तपासता येतं. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गळाने दमवलेल्या मस्कींपैकी सुमारे ३० टक्के नंतर मेले होते. २०११ मध्ये कॅनडात दुसरा अभ्यास आला. सरावलेल्या लोकांनी, योग्य जाळी आणि हत्यारं वापरून पकडलेल्या मस्कींना ट्रान्समीटर लावून सोडलं, आणि त्यांतला एकही मेला नाही. दोन्ही अभ्यासांची रीत वेगळी होती, आकडे शेजारी ठेवून टाळी वाजवू नये. तरीही सोडणाऱ्याच्या हातात बरंच काही असतं, एवढं म्हणायला हरकत नाही.

काही सल्ले मात्र मागे घ्यावे लागले. दमलेल्या माशाला पाण्यात पुढे-मागे हलवत राहायचं, हा एक. मागे ओढलं की पाणी कल्ल्यांतून उलटं जातं. आता सांगतात, तोंड प्रवाहाकडे करून नुसता धरा, जोर लावून निघाला की जाऊ द्या. शेपटीजवळच्या हाताला तो क्षण आधी कळतो. सैल पडलेलं अंग एकदम ताठ होतं आणि मुठीतून निसटतं. आरापैमाला तर हा नियमही लागू नाही. दक्षिण अमेरिकेतला हा अवाढव्य मासा वर येऊन हवा गिळतो. त्याला पाण्याखाली दाबून 'शुद्धीवर' आणायला गेलात तर तो बुडून मरेल. थंड पाण्यातले मासे तर पाणी कोमट असेल तेव्हा पकडूच नयेत. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि माशाची गरज जास्त.

दरम्यान वाद दुसऱ्याच दिशेने पेटला. २००३ मध्ये लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउटच्या तोंडाभोवती इजा ओळखणारे मज्जातंतू असल्याचं दाखवलं. जर्मनीत सबळ कारणावाचून पृष्ठवंशी प्राण्याला वेदना देणं कायद्याने गुन्हा आहे, आणि खाण्यासाठी मासा पकडणं हे तिथे सबळ कारण मानतात, फोटोसाठी पकडणं नाही. स्वित्झर्लंडने २००८ च्या नियमांत सोडून द्यायच्या इराद्यानेच गळ टाकायला मनाई केली. अमेरिकेत जे पुण्य, ते तिथे पाप. मला दोन्ही बाजूंचं थोडं-थोडं पटतं. इंग्लंडमधला बेन्सन नावाचा कार्प २००९ मध्ये मेला तेव्हा तो तेरा वर्षांत ६३ वेळा पकडला गेल्याचं वर्तमानपत्रांत आलं होतं. ६३ वेळा सुखरूप सुटला असं म्हणावं, की ६३ वेळा छळला गेला असं?

कावेरीतल्या महसीर माशाची गोष्ट या वादात वेगळीच भर घालते. १९७८ च्या सुमारास इंग्लंडहून आलेल्या तिघा तरुणांनी इथे अजूनही प्रचंड महसीर आहेत हे जगाला पुन्हा सांगितलं. मग नदीकाठी कॅम्प उभे राहिले, मासे सोडायचा दंडक आला, गावातलेच लोक वाटाडे झाले. प्रत्येक मासा सोडण्याआधी त्याचं वजन वहीत लिहिलं जाई. वन्यजीव कायद्याच्या नव्या अर्थामुळे हे कॅम्प २०१२ पर्यंत बंद झाले, वह्या राहिल्या. संशोधक एड्रियन पिंडर आणि सहकाऱ्यांनी १९९८ ते २०१२ च्या त्या नोंदी तपासल्या. वरवर चित्र झकास होतं, पकडल्या जाणाऱ्या माशांची संख्या वाढत होती. पण वाढत होता तो हॅचरीतून आणून सोडलेला निळ्या परांचा महसीर. कावेरीचा स्वतःचा, पाठीवर कुबड असलेला, ज्याच्यासाठी लोक साता समुद्रापलीकडून येत, तो वहीतून दिसेनासा होत चालला होता. २०१८ मध्ये मोयार नदीतल्या नमुन्यांवरून त्याची ओळख 'टॉर रेमादेवी' अशी पक्की झाली, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त माशांच्या यादीत गेला. तोवर कावेरीच्या त्या पट्ट्यात वजन लिहून घेणारं कुणी उरलं नव्हतं.