जुन्या व्हॅनची काच व रबर बसविणे

गेल्या शतकातील व्हॅन आणि छोट्या बसगाड्यांच्या खिडक्यांची काच पत्र्याला चिकटविलेली नसे. ती रबराच्या खाचदार पट्टीत बसवून त्या पट्टीच्या पकडीवर पत्र्याच्या कडेत अडकविलेली असे. अशी गाडी पुन्हा उभी करताना जुनी काच उतरविणे, पत्र्याची कड दुरुस्त करणे, नवे रबर चढविणे आणि काच परत बसविणे, हे सारे या कामात येते. हल्लीच्या गाड्यांत पुढची काच पॉलियुरेथेनच्या चिकट द्रव्याने थेट सांगाड्याला जोडतात व ती सांगाड्याच्या मजबुतीत भर घालते. रबरातली काच मात्र सांगाड्यापासून किंचित सुटी राहते, गाडीची थरथर रबर सोसते आणि काच न फोडता ती पुन्हा काढता येते. बजाज टेम्पोची मॅटाडोर, १९८४ मध्ये आलेली आणि पुढे ओम्नी या नावाने ओळखली गेलेली मारुती व्हॅन, तसेच जर्मनीची फोक्सवॅगन टाइप २ ही या जातीच्या गाड्यांची परिचित उदाहरणे होत.

नाशिकमध्ये सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहती बऱ्याच अंशी वाहनउद्योगाच्या आधाराने वाढल्या, महिंद्राचा कारखानाही याच शहरात आहे. त्यामुळे पत्रा ठोकणारे, रंग मारणारे आणि काच बसविणारे कारागीर येथे मिळतात. तरीही जुन्या व्हॅनच्या मालकाने काम नुसते सोपवून मोकळे होऊ नये. रोजच्या गाड्यांची काच चिकटविण्यात तरबेज असलेल्या हाताला दोरीने रबर ओढण्याची सवय असतेच असे नाही.

काच धरून ठेवणाऱ्या या खाचदार पट्टीला गॅरेजमध्ये रबर किंवा बीडिंग म्हणतात. तिचा आडवा छेद इंग्रजी एच अक्षरासारखा असतो : एका बाजूच्या खाचेत काचेची कड बसते, दुसऱ्या बाजूच्या खाचेत पत्र्याची. काही गाड्यांत बाहेरच्या अंगाला तिसरी बारीक खाच असते. तीत चकाकती किंवा काळी लॉकिंग पट्टी दाबून भरली की रबराचे ओठ काचेवर घट्ट आवळले जातात. जुने रबर बहुधा कडक होऊन भेगाळलेले आढळते. नैसर्गिक रबराच्या रेणूंमधील दुहेरी बंधांवर हवेतील ओझोनचा मारा होतो आणि ताणलेल्या भागाला आडव्या चिरा पडतात. ईपीडीएम या कृत्रिम रबराच्या मुख्य साखळीत असे बंध नसल्याने ते ऊन, पाऊस व ओझोन यांना कितीतरी अधिक काळ दाद देत नाही, म्हणून नवे रबर त्याचेच घ्यावे. त्याचे वैर मात्र खनिज तेलाशी आहे. ग्रीस, रॉकेल वा डिझेल लागले की ते फुगते आणि मऊ पडते. काच सहज सरकावी म्हणून रबराला ग्रीस चोपडण्याची सवय यासाठीच घातक ठरते. साबणाचे पाणी पुरेसे असते, आणि ते सुकल्यावर मागे घसरडेपणाही उरत नाही.

काचेतून पाणी गळते अशी तक्रार आली की प्रथम रबरावर आळ येतो. पण गळतीचे मूळ बहुतेक वेळा रबराखाली झाकलेल्या पत्र्याच्या कडेत असते. पुढच्या काचेखालचे दोन्ही कोपरे हे तिचे नेहमीचे ठिकाण, कारण खाचेत शिरलेले पाणी उतारावरून तेथेच येऊन थांबते आणि पत्रा आतून खाते. बाहेरून रंग शाबूत दिसतो. रबर उचलले की बोटाने दाबताच पापुद्रे सुटतात. अशा कडेवर लांबी, म्हणजे खड्डे बुजविण्याची पुट्टी, भरून वरून रंग मारणे ही कामाची फसवणूक आहे. लांबीला रबराची पकड सोसत नाही, शिवाय कडेची जाडी वाढल्याने मापाने केलेली खाच तिच्यावर नीट बसत नाही आणि ओठ उघडा राहतो. कुजलेला भाग कापून त्याच जाडीचा पत्रा जोडावा, वेल्डिंगचे उंचवटे घासून सपाट करावेत, पूर्वीच्या कारागिराने पेचकस घालून वाकविलेली कड हातोडी व डॉलीने (पत्र्यामागे धरायच्या लोखंडी ठोकळ्याने) सरळ करावी, आणि मग एपॉक्सी प्रायमर, म्हणजे गंज रोखणारा अस्तराचा थर, व रंग द्यावा. रंग पुरता कडक झाल्याखेरीज रबर चढवू नये, नाहीतर ते रंगाला चिकटून बसते. या टप्प्याला लागणारा वेळ बाकीच्या सगळ्या कामापेक्षा जास्त असतो आणि तसाच तो असावा.

काच दोन प्रकारची असते. पुढची काच लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचांमध्ये साधारण ०.७६ मिलिमीटर जाडीचा पीव्हीबी या प्लास्टिकचा पारदर्शक थर दाबलेली असते. फुटली तरी तिचे तुकडे थराला धरून राहतात. बाजूच्या काचा टफन्ड असतात. ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून झपाट्याने थंड केल्यामुळे त्यांच्या पृष्ठभागावर दाब साठलेला असतो आणि फुटताना त्यांचे बोथट, बारीक खडे होतात. या फरकाचा व्यवहारातला अर्थ असा की सपाट लॅमिनेटेड काच स्थानिक काचवाला नमुन्याबरहुकूम कापून देऊ शकतो, पण टफन्ड काचेचे माप, कडा आणि भोके भट्टीत जाण्यापूर्वीच पक्की व्हावी लागतात. भट्टीतून आल्यावर ती कापता येत नाही. १९६७ पर्यंतच्या फोक्सवॅगन व्हॅनला पुढे दोन सपाट काचा होत्या, त्यानंतरच्या मॉडेलला एकच मोठी वळणदार काच आली. त्यामुळे आधीच्या गाडीची पुढची काच गावात करून घेणे शक्य असते, नंतरच्या गाडीची बाहेरून मागवावी लागते. जुनी काच फुटलेली असली तरी तिचे तुकडे जुळवून हार्डबोर्डवर आकार उतरवून घ्यावा. लॅमिनेटेड काचेच्या कडा दुधी झाल्या असतील तर थरात पाणी शिरले असे समजावे. तो डाग पुसून जात नाही.

प्रत्यक्ष बसविताना काच गादीवर किंवा घोंगडीवर ठेवून रबर प्रथम काचेवर चढवितात. रबर अखंड नसेल तर ते मापापेक्षा थोडे लांब कापून दाबून बसवावे, कारण ताणून बसविलेले रबर कालांतराने आखडते आणि सांध्यात फट पडते. त्यानंतर पत्र्यासाठी असलेल्या मोकळ्या खाचेत नायलॉनची गुळगुळीत दोरी फिरवून तिची दोन्ही टोके खालच्या मध्यावर एकमेकांवरून ओलांडून गाडीच्या आतल्या बाजूला सोडतात. कडेला व रबराला साबणाचे पाणी लावून दोघांनी काच बाहेरून चौकटीवर टेकवावी, खालची बाजू आधी नीट बसवावी. मग आतला माणूस दोरीचे एक टोक काचेच्या मध्याच्या दिशेने सावकाश ओढतो, तसा रबराचा आतला ओठ दोरीवरून उलटून पत्र्याच्या कडेवर येतो. बाहेरचा माणूस नेमक्या त्याच जागी तळहाताने दाबत राहतो. खालून बाजूला, बाजूने वर, असा क्रम ठेवतात. दोघांची लय चुकली आणि दोरी पुढे गेली तर ओठ दुमडून आतच अडकतो. अशा वेळी जोर न लावता दोरी पुन्हा घालावी. काचेवर मुठीने ठोकणे टाळावे. विशेषतः कोपऱ्यावर पडलेला घाव लॅमिनेटेड काचेला लगेच तडा देतो.

नाशिकच्या हिवाळ्यात सकाळी रबर इतके ताठ होते की ओठ उलटतच नाही. ते उन्हात किंवा कोमट पाण्यात ठेवून मऊ करावे, अथवा काम दुपारी हाती घ्यावे. वेळापत्रक मात्र पावसावर बेतावे. उघड्या चौकटीची गाडी जूनपूर्वी बंद झालीच पाहिजे.

काच बसल्यावर पाण्याचा पाइप खालून सुरू करून हळूहळू वर नेत तपासणी करतात. वरून एकदम पाणी सोडल्यास गळती नेमकी कोठून होते ते कळत नाही. एवढ्यावर समाधान मानू नये. धावत्या गाडीवर वारा पाण्याला रबराखाली रेटतो, आणि नाशिकहून इगतपुरी किंवा त्र्यंबकेश्वरकडे पावसात केलेली एक फेरी ती कसोटी पुरी करते. गळती राहिलीच तर ओठाखाली न सुकणारे, मऊ राहणारे ब्युटिल मॅस्टिक हे फटी बुजविण्याचे चिकट द्रव्य भरावे. दुकानातले आंबट वासाचे सिलिकॉन सुकताना ॲसिटिक आम्ल सोडते व पत्र्याला गंज लावते. पुढे त्या जागेवर रंगही धरत नाही.

सरकत्या खिडक्यांचे काम निराळे आहे. त्यांची काच मखमली अस्तराच्या चॅनेलमध्ये फिरते आणि खालच्या चॅनेलला पाणी बाहेर जाण्यासाठी बारीक भोके असतात. ती धुळीने बुजली की पाणी आत सांडते. नवे चॅनेल बसविताना ही भोके रंग किंवा मॅस्टिकने बंद होणार नाहीत याची खबरदारी घ्यावी.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० नुसार पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, आणि काच सुरक्षा काचच असली पाहिजे. म्हणून साधी खिडकीची काच कापून बसविणे बेकायदा तर आहेच, अपघातात जीवघेणेही आहे. ५० वर्षांहून जुन्या खासगी गाडीला २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळू शकते. त्यासाठी सांगाडा, बॉडी व इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा लागतो, तेव्हा काचेसाठी चौकटीचा आकार बदलण्यापूर्वी मालकाने हा नियम वाचून घ्यावा.