अंगठ्याच्या बुडाशी बारा किलो

लाकडात कोरीवकाम करणाऱ्या माणसाचे हात पन्नाशीनंतर दुखू-सुजू लागले की घरातून दोन सल्ले येतात. एक, हे काम आता बंद करा. दुसरा, तांब्याचं कडं घाला. दोन्ही सल्ले मायेपोटी दिलेले असतात आणि माझ्या मते दोन्ही चुकीचे आहेत. कड्याचा निकाल लवकर लागतो. इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी आमवाताच्या 70 रुग्णांना आळीपाळीने तांब्याचं कडं, चुंबकी पट्टा आणि चुंबकत्व काढून टाकलेला तसाच पट्टा घालायला दिला. 2013 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वेदना, दाह, हालचाल, कशातच मोजण्याजोगा फरक नव्हता. कूर्चा म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेलं गुळगुळीत आवरण. ती ‘पुन्हा वाढवणाऱ्या’ महागड्या पावडरींच्या जाहिराती रोज दिसतात, पण माणसाच्या झिजलेल्या सांध्यात नवी कूर्चा उगवून देणारी पावडर अजून कुणी सिद्ध केलेली नाही.

पहिल्या सल्ल्याचा विचार मात्र नीट करावा लागेल, कारण त्यासाठी हाताचं यंत्रशास्त्र समजून घ्यावं लागतं. आणि ते फार सुंदर आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हात सुजण्याचं कारण एकच नसतं. वयानुसार येणाऱ्या झिजेच्या संधिवातात बोटांच्या टोकाकडचे सांधे आणि अंगठ्याचं बूड दुखतं, सांध्याशी हाडाच्या कडक गाठी येतात, सकाळचा आखडलेपणा साधारण अर्ध्या तासात सुटतो. आमवातात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्याच्या अस्तरावर उलटते. तिथे बोटांच्या मुळाचे सांधे आणि मनगटं, बहुधा दोन्ही हातांची, मऊ आणि गरम सुजतात, आणि आखडलेपणा तासाच्या वर टिकतो. महाराष्ट्रात 2006 च्या साथीनंतर चिकुनगुन्याने महिनोन् महिने दुखणारी बोटंही पुष्कळांनी अनुभवली आहेत. निदान डॉक्टरकडेच व्हायला हवं, कारण आमवातावर वेळेत औषध सुरू झालं तर सांधे वाचतात. पुढचं विवेचन मुख्यतः झिजेच्या दुखण्याबद्दल आहे.

अंगठा हाताला जिथे जोडलेला असतो, तिथे मनगटातलं ट्रॅपिझियम नावाचं छोटं हाड आणि अंगठ्याचं पहिलं लांब हाड एकमेकांवर खोगिरासारखी बसतात. त्यामुळे अंगठा पुढे-मागे हलतो, आत-बाहेर हलतो आणि थोडा फिरून बाकीच्या बोटांसमोर येतो. पटाशी, सुई, लेखणी धरण्याची आपली सगळी क्षमता या एका सांध्यावर उभी आहे. पण या हालचालीची किंमत मोजावी लागते. हाडांची खाच उथळ असल्यामुळे सांधा अस्थिबंधांच्या, म्हणजे हाडाला हाड बांधणाऱ्या पट्ट्यांच्या, आधारावर टिकून असतो, आणि ते सैल पडले की अंगठ्याचं हाड बाहेरच्या बाजूला सरकू लागतं.

आता अडकित्ता आठवा. हात बिजागरीपासून लांब असतो, सुपारी बिजागरीजवळ, म्हणून हाताच्या थोड्या जोराचा सुपारीवर कितीतरी पट दाब होतो. अंगठ्यातही हीच तरफ आहे, पण तिचा तोटा आपल्या वाट्याला येतो. चिमटीचा जोर लागतो अंगठ्याच्या टोकाशी, तो तोलणाऱ्या कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, सांध्याला अगदी लगटून जातात, आणि सुपारीच्या जागी असते आपली कूर्चा.

हिशेब करून पाहू. टोकावर 1 किलोचा जोर आहे असं धरा. टोकापासून पहिला सांधा अडीच-तीन सेंटिमीटरवर, मधला साडेपाचच्या आसपास आणि बुडाचा साधारण 10 सेंटिमीटरवर. कंडरांचं सांध्याच्या मध्यापासूनचं अंतर मात्र सगळीकडे ढोबळमानाने सेंटिमीटरभरच. जोर गुणिले अंतर दोन्ही बाजूंना सारखं यायला हवं, म्हणजे स्नायूंना अनुक्रमे तिप्पट, साडेपाचपट आणि दहापट ओढावं लागेल. शिवाय सांधा स्थिर ठेवण्यासाठी विरुद्ध बाजूचे स्नायूही ओढतात, त्यांचा भार वेगळा. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधील विल्यम कूनी आणि एडमंड चाओ यांनी 1977 मध्ये हे गणित नीट मांडलं. त्यांचे आकडे होते टोकाच्या सांध्यावर सुमारे 3 किलो, मधल्यावर 5.4 आणि बुडाशी 12. घट्ट मुठीत जोर लावला तर बुडावरचा भार 120 किलोपर्यंत जाऊ शकतो, असंही त्यांना आढळलं. आपल्या ढोबळ हिशेबाचं उत्तर त्यांच्या आकड्यांच्या इतकं जवळ येतं, याचा आनंद मला प्रत्येक वेळी नव्याने होतो.

आता हाच गुणाकार उलटा वाचा. चिमटीतला जोर एका किलोने कमी केला की बुडावरचा भार 12 किलोंनी उतरतो. म्हणून छंद सोडायचा की नाही हा प्रश्नच चुकीचा आहे. पटाशी किती जोराने धरावी लागते, हे विचारायला हवं.

हा जोर ठरतो घर्षणावर. दोन बाजूंनी धरलेली वस्तू सरकू नये म्हणून लागणारी पकड म्हणजे सरकवणारा जोर भागिले घर्षणांकाची दुप्पट. घर्षणांक म्हणजे पृष्ठभाग सरकण्याला किती अडवतो, हे सांगणारा आकडा. घर्षणांक दुप्पट झाला की पकड निम्मी पुरते. स्वीडनच्या उमिओ विद्यापीठात रोलंड योहान्सन आणि योरान वेस्टलिंग यांनी 1984 मध्ये दाखवलं की बोटं हा हिशेब आपल्या नकळत करत असतात. गुळगुळीत पृष्ठभागावर ती आपोआप जास्त दाबतात, आणि सरकण्याच्या बिंदूपेक्षा थोडा जास्त जोर राखून ठेवतात. बोटांची संवेदना बधिर केली तर हा ताळमेळ बिघडतो. थंडीने किंवा नस दबल्याने बधिर झालेला हात म्हणूनच गरजेपेक्षा जास्त आवळतो, दुखतो आणि सुजतो. जाड हातमोज्यातही हेच होतं.

म्हणून पॉलिश केलेल्या बारीक मुठीवर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळणं हा भौतिकशास्त्राला धरून असलेला उपाय आहे. रबराने घर्षण वाढतं आणि जाडीही वाढते. सेंटिमीटरभर जाडीची मूठ चिमटीतच धरावी लागते, तर तीन-चार सेंटिमीटरची मूठ तळहातात बसते आणि भार चारही बोटांवर वाटला जातो. दुसरा हात तर पूर्ण मोकळा करता येतो. लाकूड हाताने धरून ठेवण्याऐवजी शिकंज्यात आवळा.

लाकडी मोगरी हा तसाच मोठा दिलासा आहे. मोगरीचा घाव बसतो तेव्हा तो जोर पटाशीच्या दांड्यातून सरळ पात्यात उतरतो. हाताला फक्त दिशा सांभाळायची असते, त्यामुळे पटाशी हलकी धरली तरी चालते. मनगट दुखत असेल तर हलकी मोगरी आणि लहान घाव.

धार बोथट असेल तर पातं तंतू कापण्याआधी त्यांना चेपतं आणि ही चेपण्याची मेहनत वाया जाते. वरून दाबण्यापेक्षा पातं थोडं तिरकं सरकवत नेलं, तर तोच छेद कमी जोरात होतो. लाकडाची निवडही तितकीच महत्त्वाची. पांगाऱ्याचा घन सेंटिमीटर सुमारे 0.3 ग्रॅमचा, सागाचा 0.65 च्या आसपास, शिसवीचा 0.8 च्या वर. सावंतवाडीच्या कारागिरांनी खेळण्यांसाठी आणि फळांच्या प्रतिकृतींसाठी पांगारा धरला. हलकं लाकूड हाताला किती सोपं जातं, हे दिवसभर कोरणाऱ्यांना चांगलं ठाऊक असतं. सागात वाळूचा अंश, म्हणजे सिलिका असते आणि ती धार खाते. ओल्या लाकडाच्या पेशीभित्तींत पाणी मुरलेलं असल्यामुळे ते मऊ असतं. वाळल्यावर तंतूंच्या दिशेने दाब सोसण्याची त्याची ताकद पुष्कळ जातींत जवळपास दुप्पट होते. म्हणून मोठं कोरून काढण्याचं काम ओलं असतानाच उरकावं. मग तडा जाऊ नये म्हणून सावलीत हळूहळू वाळवावं आणि बारीक काम नंतर करावं.

ब्राझीलच्या कॉन्गोन्यास गावात सिडार लाकडाच्या 66 पूर्णाकृती आहेत. 1796 ते 1799 या काळात आलेजादिन्यो या शिल्पकाराने आपल्या कार्यशाळेतल्या साहाय्यकांसह त्या घडवल्या. तेव्हा त्याचे हात आजाराने विद्रूप झालेले होते. आजार कोणता, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. 1858 मधल्या त्याच्या चरित्रात लिहिलं आहे की मॉरिसियो नावाचा त्याचा गुलाम, जो स्वतःही कोरीवकाम करी, पटाशी आणि मोगरी त्याच्या हातांना बांधून देई. बांधलेलं हत्यार धरून ठेवायला चिमटीचा जोर लागत नाही. बोटांनी साथ सोडल्यावर खांदा आणि कोपर यांच्या बळावर काम होऊ शकतं, ते याच कारणाने. मॉरिसियोचं नाव त्या चरित्रात उरलं, हे मला मोलाचं वाटतं.

काम पूर्ण थांबवण्याविरुद्ध आणखी एक कारण आहे. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. दाब पडला की तिच्यातलं द्रव बाहेर जातं, दाब सुटला की भोवतालचं द्रव आत येतं, आणि पोषणाला या हालचालीची मोठी मदत होते. हलका, बदलता भार तिला हवा असतो. एकाच पकडीत तासभर आवळून बसणं तिला मानवत नाही. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेच्या 2018 च्या शिफारशींतही हाताचे व्यायाम, अंगठ्याला आधार देणारा पट्टा, सुधारलेली अवजारं आणि वरून लावायची वेदनाशामक मलमं यांना प्राधान्य आहे.

काम संपल्यावर दोन तासांहून जास्त दुखत राहिलं तर पुढच्या वेळी काम कमी करा. सांधा लाल आणि गरम असेल त्या दिवशी पटाशी बाजूला ठेवून नक्षीचं रेखाटन करा. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला रात्री मुंग्या येत असतील, बोट वाकल्यावर अडकून खटकन सुटत असेल, किंवा सुजेबरोबर ताप असेल, तर डॉक्टरांना दाखवा आणि दाखवताना पटाशीही सोबत न्या. तुम्ही ती कशी धरता हे पाहिल्यावर त्यांना पट्टा कुठे हवा ते नेमकं सांगता येईल.