एका थेंबातून पकडलेली भेसळ

फळांच्या रसात पाणी घातलं की गोडी उतरते. ती साखरेच्या पाकानं भरून काढता येते, आंबटपणा सायट्रिक आम्लानं, रंग रंगद्रव्यानं. असा रस रिफ्रॅक्टोमीटरवर तपासला तर तो सहज पास होतो. हे उपकरण रसातून जाताना प्रकाश किती वाकतो ते मोजतं आणि त्यावरून विरघळलेल्या घटकांचा, म्हणजे ब्रिक्सचा, आकडा देतं. ती साखर फळातली की पोत्यातली, हे त्याला कळत नाही. एकेक आकडा जुळवणं भेसळ करणाऱ्याला अवघड नसतं. सगळं एकदम जुळवणं मात्र फार जिकिरीचं, आणि अवरक्त (इन्फ्रारेड) वर्णपट, म्हणजे रस कुठला अदृश्य प्रकाश किती शोषतो याचा आलेख, नेमका हे ‘सगळं एकदम’ पाहतो.

ही फसवणूक किरकोळ मानू नये. अमेरिकेतल्या बीच-नट कंपनीनं बाळांसाठी शुद्ध सफरचंदाचा रस म्हणून जे विकलं, त्यात प्रत्यक्षात साखरपाणी आणि स्वादद्रव्यं होती. १९८७ मध्ये कंपनीनं गुन्हा कबूल केला आणि तिला २० लाख डॉलर दंड झाला.

अवरक्त किरणांचा शोध १८०० सालचा. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल यांनी लोलकातून पडलेल्या रंगांच्या तांबड्या टोकापलीकडे, जिथं डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथं थर्मामीटर ठेवला आणि पारा चढला. रेणूंच्या दृष्टीनं हे किरण फार सोयीचे आहेत. रेणूतले अणू स्प्रिंगनं जोडलेल्या गोळ्यांसारखे सतत थरथरत असतात. प्रत्येक प्रकारच्या बंधाची थरथर ठरावीक वारंवारतेची असते आणि त्याच वारंवारतेचा अवरक्त प्रकाश तो बंध शोषतो. कुठला प्रकाश किती शोषला गेला याचा आलेख म्हणजे वर्णपट.

प्रत्यक्ष तपासणीत हिऱ्याच्या छोट्याशा स्फटिकावर रसाचा एक थेंब ठेवतात. प्रकाश खालून स्फटिकात शिरतो आणि आतूनच परावर्तित होतो. पण परावर्तनाच्या जागी तो रसात एखाद-दोन मायक्रोमीटर डोकावून येतो. हे डोकावणं इतकं उथळ आहे म्हणूनच पद्धत चालते. रसात बहुतांश पाणीच असतं आणि पाणी हा प्रकाश एवढा शोषतं की जाड थरातून हाती काही लागणार नाही.

मिनिटाभरात आलेख समोर येतो. त्यावरचे आकडे एका सेंटीमीटरात प्रकाशाच्या किती लहरी बसतात ते सांगतात. १६४० प्रति सेंटीमीटरच्या आसपासचा मोठा उंचवटा पाण्याचा. त्याच्या बाजूला, १७२० च्या जवळ, आम्लांची खूण. खरी गर्दी ९०० ते ११५० च्या पट्ट्यात असते, ती साखरांची. ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि सुक्रोज यांची शिखरं तिथं एकमेकांत मिसळलेली, तरी वेगवेगळ्या जागी असतात. संत्र्याच्या रसात सुक्रोज साधारणपणे बाकी दोन्ही साखरांच्या बेरजेइतकं असतं. सफरचंदात फ्रुक्टोज ग्लुकोजच्या दुपटीच्या घरात जातं. डाळिंबाच्या महाग रसात द्राक्षाचा स्वस्त रस मिसळला तर साखरांवरून फारसं कळत नाही, कारण दोन्हींत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जवळपास सारखंच आणि सुक्रोज नगण्य. तिथं आम्लं उपयोगी पडतात. द्राक्षात टार्टारिक आम्ल भरपूर असतं, डाळिंबात सायट्रिक. त्यामुळे १७२० जवळच्या पट्ट्याचा आकार बदलतो.

हे बदल नुसत्या डोळ्यांना सहसा दिसत नाहीत. म्हणून अस्सल रसांच्या शेकडो वर्णपटांशी नव्या वर्णपटाची संगणकावर तुलना करतात. त्यामागचं मुख्य घटक विश्लेषणाचं, म्हणजे ढीगभर आकड्यांमधले मोठे फरक मोजक्या आकड्यांत पकडण्याचं, गणित संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांनी १९०१ मध्ये मांडलं होतं. माझ्या मते सगळी मदार यंत्रापेक्षा या संग्रहावर आहे. जात, हंगाम, फळाची पक्वता, सगळ्यानं रस बदलतो. साठवणीचंही तसंच. रसातल्या आम्लामुळे सुक्रोजचे रेणू हळूहळू फुटून त्यांचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. म्हणजे काही महिने ठेवलेल्या प्रामाणिक रसाचा वर्णपट ताज्या रसापेक्षा वेगळा येणार. संग्रहात असे जुने नमुने नसतील, तर संगणक चांगल्या रसालाही भेसळयुक्त ठरवून मोकळा होईल आणि निरपराध उत्पादक अडकेल.

कीटकनाशकांचे अंश या पद्धतीत दिसत नाहीत. ते इतके अल्प असतात की साखरेच्या आणि पाण्याच्या शिखरांखाली पार दबून जातात. आणि कुणी तिन्ही साखरा फळातल्या प्रमाणातच मोजून घातल्या, तर साखरांचा पट्टा जवळजवळ अस्सल दिसतो, कारण रेणू तेच असतात. पाण्यामुळे पातळ झालेली आम्लं आणि इतर घटक कधी कधी चुगली करतात. संशय उरलाच तर नमुना समस्थानिकांच्या, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंच्या, तपासणीला पाठवतात. ऊस आणि मका प्रकाशसंश्लेषण वेगळ्या मार्गानं करतात, त्यामुळे त्यांच्या साखरेत कार्बन-१३ या जड कार्बनचं प्रमाण फळांतल्या साखरेपेक्षा जास्त असतं आणि ती पकडली जाते. बीटची वनस्पती मात्र फळझाडांच्याच मार्गानं साखर बनवते. त्या साखरेसाठी कार्बन सोडून हायड्रोजनचे समस्थानिक मोजावे लागतात. ही तपासणी वेळखाऊ आणि महाग असते, म्हणून कुठली बाटली तिथवर न्यायची हे आधी अवरक्त वर्णपटावरून ठरवलेलं बरं.